सोळा खणांचा पतंग उचलत नाही, मग चौसष्ट खणांचा उचलेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कागदी स्ट्रॉ आणि वर्तमानपत्राचा कागद वापरून वीस सेंटिमीटर बाजूच्या चतुष्फलक (सहा काड्यांचा, चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार) खणांचा पतंग केला. एकूण १६ खण. गच्चीवरून उडवायचा प्रयत्न केला तर जेमतेम हातभर उचलतो, उजवीकडे कलंडतो आणि पडतो. खण वाढवून ६४ केले तर उचलण्याची ताकद वाढेल का?

नाही वाढणार. म्हणजे एकूण ताकद वाढेल, पण वजनही त्याच पटीत वाढेल, त्यामुळे तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहाल. शिवाय पडल्यावर दुरुस्ती करायला चौपट खण हाताशी येतील. या पतंगाची सगळी गंमत याच एका गोष्टीत आहे आणि प्रदर्शनातही मुलीने हेच समजावून सांगावं असं मला वाटतं, म्हणून आधी तिथून सुरू करतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायमन न्यूकम या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की माणूस वाहून नेणारं उडतं यंत्र होणं अवघड आहे. कारण साधं: कुठलीही वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट. मोठी करत गेलात की वजन पृष्ठभागाला मागे टाकणारच. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेव्हा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, बॅडेक गावाजवळच्या आपल्या जागेवर पतंगांचे प्रयोग करत होता. न्यूकमचं गणित त्याने मान्य केलं, पण त्यातून वाट काढली. खण मोठा करायचाच नाही. लहान, हलका, एकदा नीट जमलेला खण घ्यायचा आणि तसेच खण कोपऱ्याला कोपरा बांधून जोडत जायचे. चार खणांचं वजन चौपट, पृष्ठभागही चौपट. हजार खणांचं वजन हजारपट, पृष्ठभागही हजारपट. दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हा आकडा हलत नाही. १९०३ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं.

आता याचीच दुसरी बाजू बघा. चांगला खण कितीही वाढवला तरी चांगलाच राहतो, तसा जड खण कितीही वाढवला तरी जडच राहतो. तुमचा दोष सोळाव्या खणात नाही, पहिल्या खणात आहे.

तुमच्या खणाचा हिशोब करू. सोनारी काटा किंवा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा मिळाला तर स्वतःच तपासा. कागदी स्ट्रॉ साधारण एक ग्रॅमचा असतो. सहा स्ट्रॉ म्हणजे सहा ग्रॅम. वर्तमानपत्राचा कागद दर चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे खणाच्या कागद लावलेल्या दोन त्रिकोणांना दीड ते दोन ग्रॅम. दोरा आणि डिंक धरून खण आठ ग्रॅमपर्यंत जातो. (प्लॅस्टिकचे स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंद झाले, ते योग्यच झालं. पण पतंगासाठी ते कागदी स्ट्रॉपेक्षा बरेच हलके होते, आणि परदेशी व्हिडिओंत अजून तेच दिसतात. त्यामुळे तसाच्या तसा पतंग करूनही इथे उडत नाही.)

याच मापाचा खण अगरबत्तीच्या कोऱ्या काड्यांचा करून बघा. मसाला न लावलेली, यंत्रावर गोल तासलेली बांबूची काडी, जाडी १.३ मिलिमीटर, लांबी आठ किंवा नऊ इंच. अगरबत्ती बनवणाऱ्यांकडे किंवा त्यांना कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे किलोवर मिळते. एक काडी ०.२ ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. सहा काड्यांना सव्वा ग्रॅम. वर पतंगाचा कागद, दोरा, खळ. सगळा खण सव्वादोन-अडीच ग्रॅममध्ये बसतो. क्षेत्रफळ तेच आणि वजन तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तुमच्या आत्ताच्या पतंगाला उचलायला या हलक्या पतंगापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाचा वारा लागतो. तेवढ्या वाऱ्यात स्ट्रॉचे सांधे टिकत नाहीत, ही पुढची अडचण.

कोकणातल्या मंडळींना खराट्याचे हीर आठवतील. लहान खणाला चालतात, पण हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो आणि इथे सहाही काड्या सारख्या हव्यात. मोठ्या, पंचवीस सेंटिमीटरच्या खणाला बुरुडाकडून अडीच मिलिमीटरच्या कामट्या तासून घ्या. खुद्द बेल याच मापाचे खण वापरायचा आणि त्यावर लाल रेशीम चढवायचा. मात्र कामटीचा खण सात ग्रॅमपर्यंत जातो. पहिल्या पतंगाला अगरबत्तीची काडीच बरी.

आता खण बनवण्याची माझी पद्धत. बहुतेक ठिकाणी आधी उभा चतुष्फलक बांधायला सांगतात आणि मग त्यावर कागद चिकटवायला. त्यात कागदाला सुरकुत्या पडतात, एक पंख ताठ आणि दुसरा ढिला होतो. त्याऐवजी खण आडवा, सपाट करा.

काड्यांची जुडी रबरबँडने घट्ट बांधून एकाच वेळी वीस सेंटिमीटरवर बारीक पात्याच्या करवतीने कापा. एक-एक मोजून कापू नका. काड्यांत मिलिमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त नको. पुठ्ठ्यावर वीस सेंटिमीटर बाजूचे दोन समभुज त्रिकोण एका बाजूने चिकटलेले काढा, म्हणजे शंकरपाळ्याचा आकार होईल. कोपऱ्यांवर टाचण्या टोचा. हा झाला साचा. चार काड्या कडेने आणि पाचवी मध्ये, आखूड कर्णावर ठेवा. ही मधली काडी म्हणजे खणाचा कणा, तिला आत्ताच लाल स्केचपेनने रंगवा. चारही कोपरे साध्या सुती दोऱ्याने तीन-चार वेढे देऊन बांधा. कण्याच्या दोन टोकांना अजून फेविकॉल लावू नका, ते सांधे दुमडायचे आहेत.

आता कागद. पतंगाच्या कागदाचा ताव घ्या, शंकरपाळ्यापेक्षा सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापा, चारही कोपरे छाटून टाका म्हणजे सांधे मोकळे राहतील. चौकट कागदावर ठेवा, कडांना मैद्याची पातळ खळ बोटाने ओढा आणि कड काडीवरून आत वळवून दाबा. कण्याच्या काडीलाही खळीची एक बारीक रेघ द्या. कागद ताणू नका, नुसता सपाट बसू द्या. खळ वाळताना तो आपोआप ताठ होतो, आणि आधीच ताणलेला असेल तर काड्यांना वाकवतो. खळीऐवजी फेविकॉल घ्यायचा तर पाणी घालून पातळ करा. डिंकाचं वजन कुणी मोजत नाही, पण सोळा खणांत ते अंगावर येतं.

पूर्ण वाळल्यावर कण्यावर चौकट दुमडा. कागद बाहेरच्या अंगाला राहील असं बघा, म्हणजे उडताना वारा कागदाला काड्यांवर दाबेल, काड्यांपासून ओढणार नाही. पंखांची दोन टोकं सपाट असताना साधारण साडेचौतीस सेंटिमीटर दूर होती. ती वीसवर आणा आणि मधे सहावी काडी बांधा. खण एकदम ताठ होतो, हातात जाणवतो. आता सगळ्या सांध्यांना फेविकॉलचा एकेक थेंब. चतुष्फलकाला वेगळे तिरके आधार लागत नाहीत ते यासाठीच. बेलच्या आधी ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्हने पेटीपतंग केला होता आणि १२ नोव्हेंबर १८९४ रोजी स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर चार पेट्यांच्या माळेने तो स्वतः १६ फूट उचलला गेला होता. पण पेटीची चौकट चौकोनी, ती तिरकी होऊ नये म्हणून आत ताण द्यावे लागतात. त्रिकोण स्वतःच ताठ असतो.

सांध्यांसाठी काही जण सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सुचवतील. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि ही ट्यूब वापरून भूमितीचे आकार करायला कित्येक मुलांना शिकवलं, आणि मुलीला चतुष्फलक का हलत नाही हे दाखवायला तो प्रयोग उत्तम आहे. पतंगात मात्र ते रबर जड पडतं. इथे दोराच हवा.

चार खण झाले की जोडणी. तुमचा पतंग उजवीकडे कलंडतो याचं कारण बहुधा इथे सापडेल: सोळांपैकी एखादा खण फिरवून बांधला गेला असावा. चतुष्फलक कुठूनही पाहिला तरी सारखाच दिसतो, म्हणून ही चूक डोळ्यांना कळत नाही. लाल रंगवलेले कणे यासाठीच. सगळे कणे एकमेकांना समांतर आणि सगळे खालच्या बाजूला, याशिवाय दुसरी तपासणी लागत नाही. पुढच्या खणाच्या कण्याचं मागचं टोक मागच्या खणाच्या कण्याच्या पुढच्या टोकाला बांधा. उरलेले दोन खण डावा आणि उजवा. डाव्याच्या कण्याचं पुढचं टोक पुढच्या खणाच्या डाव्या पंखाच्या टोकाला आणि मागचं टोक मागच्या खणाच्या डाव्या पंखाच्या टोकाला. उजव्याचंही तसंच. शेवटी डाव्या आणि उजव्या खणाचे आतल्या बाजूचे पंख एकमेकांना. मोजून सहा गाठी. असे चार गट झाले की प्रत्येक गटालाच एक मोठा खण समजा आणि पुन्हा त्याच सहा गाठी मारा. सोळा खण झाले, बाजू ८० सेंटिमीटर.

इथे एक प्रश्न हमखास येतो. कडेला चार खण बसतील असा चतुष्फलक पूर्ण भरला तर २० खण होतात, मग बेलच्या पद्धतीत १६ का? चारही त्रिकोणी पृष्ठांच्या मधोमधले चार खण त्यात नसतात. ते भरले तरी पतंग उडेल, पण ती पोकळी राहू दिली की मागच्या खणांपर्यंत वारा कमी घुसळलेला पोचतो. मी ती पोकळी ठेवतो.

सोळा खणांना मुख्य कण्याच्या, म्हणजे खाली एका रेषेत आलेल्या चार कण्यांच्या बाजूने ८० सेंटिमीटरची एक बारीक कामटी बांधा. दोराचा सगळा ताण तिथे येतो आणि अगरबत्तीची काडी एकटी तो सोसत नाही. एवढं करूनही पतंग पन्नास ग्रॅमच्या आत राहतो. तुमचा आत्ताचा सव्वाशे ग्रॅमच्या पुढे असणार.

मंगळसूत्र, म्हणजे उडवायचा दोर ज्याला बांधतात तो पतंगावरचा दोरा (काही जण त्याला कन्नी म्हणतात), साध्या पतंगापेक्षा सोपं आहे. एक टोक कण्याच्या नाकाला (पुढच्या टोकाला), दुसरं कण्याच्या बरोबर मध्याला. नाक ते मध्य अंतर ४० सेंटिमीटर, त्याला मीटरभर दोरा पुरतो. त्यावर सरकणारी गाठ मारून छोटी कडी अडकवा. सुरुवातीला कडी अशी ठेवा की दोरा ताणून कण्याकडे आणला तर ती नाकापासून वीस-बावीस सेंटिमीटरवर टेकेल. मग कडीला धरून पतंग लटकवा. तो उलटा लटकेल, कणा वर. नाक शेपटीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी वर हवं. याच वेळी समोरून पाहा: एक बाजू खाली झुकत असेल तर तिकडे वजन जास्त आहे. दुसऱ्या बाजूच्या टोकाला कागदाची चिकटपट्टी लावून समतोल साधा.

उडवताना पतंग दोर जोरात ओढतो पण वर चढत नाही, खालीच तरंगतो, तर कडी नाकाकडे सरकवा. दोर ढिला पडतो, पतंग डोक्यावर येऊन नाक खुपसतो, तर कडी मागे घ्या. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, जास्त नाही. दोन्ही लक्षणं नसताना एकाच बाजूला जातो, तर कडीला हात लावू नका, खण तपासा. ढिला कागद, फिरलेला खण, मोडलेली काडी, यातलं काहीतरी सापडेलच. शेपूट लावून दोष झाकू नका. या पतंगाला शेपूट लागत नाही. प्रत्येक खणाचे दोन पंख एकमेकांशी साधारण ७० अंशांचा कोन करतात, त्यामुळे पतंग एका बाजूला झुकला की त्या बाजूचा पंख वाऱ्यासमोर जास्त येतो आणि त्याला परत सरळ करतो. सोळा खण हे एकाच वेळी करत असतात.

त्याची किंमतही आहे, ती मुलीने तक्त्यावर लिहावी. पंख तिरके असल्यामुळे लावलेल्या कागदापैकी वाऱ्याला समोरून फक्त ५८ टक्के क्षेत्रफळ दिसतं. म्हणून वजन उचलण्यात हा पतंग साध्या पतंगापेक्षा मागेच राहणार. त्याचा गुण म्हणजे स्थिरपणा. १९०५ मध्ये बेलच्या १३०० खणांच्या ‘फ्रॉस्ट किंग’ने दोर धरणाऱ्या माणसाला उचललं. ६ डिसेंबर १९०७ रोजी ३३९३ खणांच्या ‘सिग्नेट’मध्ये लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसला. वाफेच्या बोटीने ब्रा द’ऑर सरोवरावर ओढलेला तो पतंग १६८ फूट चढला आणि सात मिनिटं हवेत शांत राहिला. उतरलाही इतका शांतपणे की पाणी लागेपर्यंत सेल्फ्रिजला कळलं नाही. ओढदोर वेळेत सुटला नाही आणि बोटीने पतंग पाण्यातून ओढत नेला, त्यात तो मोडला. सेल्फ्रिज वाचला. पण तोवर राइट बंधू इंजिनवर उडून चार वर्षं होत आली होती, आणि खणांच्या या जाळीला इंजिनाने पुढे रेटायचं तर हवेचा विरोध फार. दोराला बांधलेला असेपर्यंत हा पतंग राजा आहे.

आता गच्ची. गच्चीवरून हा पतंग उडवू नका. कठड्यावर आदळून वारा वर उसळतो आणि मागे भोवरे करतो. साधा पतंग हलका, खेच-ढील देऊन तुम्ही त्याला त्यातून काढता. हा हातच्या खेळाने चालत नाही, त्याला सलग वारा लागतो. इमारती आणि झाडांपासून त्यांच्या उंचीच्या आठ-दहापट दूर, मोकळ्या मैदानावर जा. समुद्र जवळ असेल तर दुपारचा खारा वारा यासाठीच आहे असं समजा. तीन ते सहाच्या दरम्यान किनाऱ्यावर तो एकसारखा वाहतो. देशावर घाटमाथ्याजवळची पठारं चांगली. ताशी १२ ते २५ किलोमीटर वारा हवा: झाडाच्या बारीक फांद्या सतत हलतात, झेंडा पसरून राहतो. धूळ आणि कागद उडायला लागले की थांबा. संक्रांतीच्या दिवशी तर नकोच. पाच संध्याकाळी खपून केलेला पतंग कुणाच्या तरी मांजाने एका क्षणात कापला जाईल.

दोर सुतीच वापरा. नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि पक्ष्यांचे, दुचाकीस्वारांचे गळे कापले गेलेले पाहिल्यावर त्याबद्दल वाद घालावासा वाटू नये. काच लावलेला मांजाही नको, इथे कुणाचा पतंग कापायचा नाही. चार खणांना जाड सद्दी (काच न लावलेला पतंगाचा सुती दोरा) पुरते. सोळा खण चांगल्या वाऱ्यात पाऊण किलोच्या आसपास ओढतात आणि झोत आला की दुप्पट, म्हणून पाच किलोला न तुटणारा बारीक सुती ट्वाइन घ्या. फिरकी मुलीच्या हातात द्या, पण दोघांनीही हातमोजे घाला. विजेच्या तारा नजरेच्या टप्प्यात असतील तर जागा बदला. पतंग तारेवर अडकला तर तो गेला, काढायला जायचं नाही.

पळायची गरज नाही. वारा जिकडे वाहत जातो तिकडे मुलीला पतंग घेऊन पंचवीस-तीस मीटर दूर उभं करा. कणा तुमच्याकडे, नाक वर. दोर ताठ झाला की तिने नुसता सोडायचा, फेकायचा नाही. तुम्ही दोन-तीन हात दोर ओढा, मग ढील. उतरवताना फिरकी गुंडाळत बसू नका, त्याने पतंगावरचा वारा वाढतो. मुलीने फिरकी धरायची आणि तुम्ही दोर तळहाताखाली दाबत पतंगाकडे चालत जायचं.

६४ खणांचं स्वप्न सोडू नका. फक्त क्रम बदला: एक खण करून वजन करा, अडीच ग्रॅमच्या वर गेला तर कुठे गेला ते शोधून दुसरा करा. मग चार खण उडवा. चार नीट उडाले तर सोळा उडतीलच. सोळा खणांचे चार गट वेगवेगळे करून गाडीत ठेवा, मैदानावर सहा गाठी मारा, कण्याला आता १६० सेंटिमीटरची जाडसर कामटी लावा आणि दोर पंधरा किलोचा घ्या. जमिनीवर दोर बांधायला लोखंडी मेख आणि हातोडी बरोबर असू द्या, कारण एवढा पतंग तासभर हाताने धरवत नाही.